झिलई, भट्टी आणि आपली जयणा



दिवाळीनंतर मी मातीची भांडी करायच्या क्लासला जायला लागले. वय वर्षं ६४, शिक्षण १९८१ सालचं बी.कॉम., आणि हाताला मळलेल्या कणकेपलीकडे कशाची सवय नाही. दर शनिवारी दुपारी दोन तास. शिकवणारी मुलगी माझ्या सुनेच्या वयाची, मला काकू म्हणते. पहिला महिना माती मळणं, थापणं, वळणं यात गेला. दुसऱ्या महिन्यात ग्लेझ शिकवलं, म्हणजे भांड्यावरची काचेसारखी झिलई. लोणच्याच्या बरणीवर असते ती.

आज लिहायला बसले ते क्लासचं कौतुक सांगायला नाही. या क्लासवरून घरात एक वाद झाला, तो अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. तुमच्यापैकी कुणाला साठीनंतर काही नवीन शिकावंसं वाटत असेल तर हा वाद तुमच्याही वाट्याला येईल, म्हणून सांगते.

नगरच्या मोठ्या भाभी, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, चार दिवस राहायला आल्या होत्या. मी हौसेने मोबाईलवर फोटो दाखवले. माझी अकरा कच्ची भांडी फळीवर वाळत होती. त्यांनी फोटो पाहिले आणि विचारलं, "हे भाजणार ना?"

म्हटलं, "हो, दोनदा. एकदा साधं, एकदा झिलई लावून."

"केवढा विस्तव?"

"पहिल्यांदा हजार अंशांच्या आसपास, दुसऱ्यांदा बाराशेच्या."

भाभी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "कुंभार पोटासाठी आवा लावतो. तो अर्थदंड झाला. तू कशासाठी लावतेस? घरात वाट्या नाहीत का? वेळ जात नाही म्हणून अग्निकायाची विराधना करायची, याला अनर्थदंड म्हणतात. आठवं व्रत घेतलंयस ना?"

मैत्रिणींनो, मला राग आला नाही. राग येण्यासारखं बोलणं चुकीचं असावं लागतं. हे चुकीचं नव्हतं. आपल्याकडे पंधरा कर्मादानं सांगितली आहेत, त्यात अंगारकर्म पहिलं. हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात अंगारकर्माची जी यादी आहे तिच्यात कुंभारकामही येतं. आणि माझं तर कामही नाही, नुसती हौस.

मी मनातल्या मनात दोन उत्तरं तयार केली. दोन्ही लंगडी निघाली.

पहिलं उत्तर असं की भट्टी तशीही लागणारच होती. क्लासमध्ये बारा जणी आहोत, माझी पाच-सहा भांडी आत गेली काय, न गेली काय, वीज तेवढीच जळणार. पण मी कॉस्टिंगचा पेपर दिलेली बाई आहे. भट्टीचा खर्च सगळ्यांच्या भांड्यांवर वाटला जातो. बाराही जणी म्हणाल्या की आपल्यामुळे काही वाढत नाही, तर ती भट्टी नेमकी कुणामुळे लागली? लग्नाच्या पंगतीत ताटात टाकून देणारा प्रत्येक जण हेच म्हणतो, की स्वयंपाक झालेलाच होता.

दुसरं उत्तर असं की बाजारातली वाटीही भट्टीतूनच येते. हे खरं आहे. स्टीलचं ताटही भट्टीतूनच येतं. दुसऱ्याने पेटवलेला विस्तव आपल्या वहीत दिसत नाही, एवढाच फरक. पण आपल्याकडे करणं, करवणं आणि अनुमोदन देणं अशी तिन्ही खाती आहेत. विकत घेतल्याने खातं बदलतं, रक्कम पुसली जात नाही. म्हणजे या उत्तराने माझा क्लास निर्दोष ठरत नाही, उलट माझी खरेदीही सदोष ठरते.

मग उरलं काय? क्लास सोडून देणं. तसं ठरवून मी पुढच्या शनिवारी भांडी परत आणायला गेले.

तिथे एक गोष्ट कळली. मी शिकवणाऱ्या मुलीला विचारलं, "मला ही भाजायची नसतील तर?" ती म्हणाली, "काकू, मग बादलीत टाका. रात्रभरात विरघळतील, परत माती होईल." तिने माझ्यासमोर एक वाळकी वाटी पाण्यात सोडली. बुडबुडे आले, काठ ढासळले, बघता बघता तळाशी गाळ बसला. "पण एकदा भाजलं की नाही," ती म्हणाली. "सहाशे अंशांच्या आसपास मातीच्या कणांत बांधलेलं पाणी निघून जातं. मग शंभर वर्षं भिजवा, त्याची माती होत नाही."

मी त्या बादलीपाशी बराच वेळ उभी राहिले. इतके दिवस मी वाद घालत होते तो भट्टी लावावी की लावू नये असा. खरा प्रश्न बादली आणि भट्टी यांच्या मधल्या फळीवर होता. तिथपर्यंत काहीच बिघडलेलं नसतं. तिथे उभं राहून एकेक भांडं हातात घ्यायचं आणि विचारायचं, तू कशाला हवीस?

मी अकराच्या अकरा भांडी उतरवली. एक बदक होतं, ते बादलीत. उदबत्तीची दोन घरं होती, घरात आधीच चार आहेत, बादलीत. वाकडा पेला, कुणीही त्यातून पाणी प्यायलं नसतं, बादलीत. आणखी दोन नुसत्या दाखवायच्या बश्या होत्या, त्याही गेल्या. राहिल्या पाच. रोजच्या जेवणातल्या चार वाट्या आणि चिंच ठेवायला एक छोटा सट. बाकीच्या बाया हळहळल्या. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा आपण काहीतरी शिकलो असं वाटलं.

आता झिलईबद्दल. माझी समजूत अशी होती की झिलई म्हणजे शोभा. ती चुकीची निघाली. पहिल्या भाजणीनंतर (आपली चकलीची नव्हे!) भांडं टणक होतं, पण सच्छिद्र राहतं. जीभ लावली तर चिकटते. माठ याच छिद्रांमुळे पाणी गार करतो, म्हणून माठाला झिलई लावत नाहीत. पण अशा वाटीत वरण वाढलं तर तूप, मीठ, हळद सगळं आत मुरतं. कितीही घासा, आतला ओलावा आणि अन्नाचा अंश निघत नाही. जिथे ओल आणि अन्न, तिथे जीवोत्पत्ती. हे तुम्हाला मी सांगायला नको. आपण ताट धुऊन पितो ते कशासाठी? अन्नाचा कण मागे राहू नये म्हणून. झिलई नेमकं हेच काम करते. ती छिद्रं बुजवते. गुळगुळीत झिलईची वाटी पाण्याने खंगाळून प्यायली आणि पुसली की कोरडी. या कामाला आपल्या धर्मातल्या रोजच्या सवयीइतकं जवळचं कारण सापडेल असं मला वाटलं नव्हतं.

ही झिलई म्हणजे काच. गारगोटीची पूड, फेल्डस्पार नावाच्या दगडाची पूड, खडू आणि थोडी पांढरी चिनी माती, हे पाण्यात कालवतात. नुसती गारगोटी वितळायला सतराशेच्या वर अंश लागतात. फेल्डस्पार आणि खडू तिला लवकर वितळवतात, आणि माती तिला भांड्यावरून ओघळू देत नाही. रंगासाठी धातूंची भस्मं. लोखंडाने तपकिरी, तांब्याने हिरवा, कोबाल्टने निळा. गंमत म्हणजे बादलीतला रंग आणि भट्टीतून निघालेला रंग यांचा काही संबंध नसतो. निळ्याची बादली मला फिक्या जांभळट-गुलाबी रंगाची दिसली होती.

कालवलेलं मिश्रण गाळून घ्यावं लागतं. ८० नंबरची बारीक चाळणी. पोरी कंटाळून एकदाच गाळत होत्या. मी दोनदा गाळलं, तळाचा गाळ वेगळा ठेवला, चाळणी उलटी करून त्याच पाण्यात धुतली. शिकवणारी म्हणाली, "काकू, तुम्ही हे आधी केलंय का?" म्हटलं, "चाळीस वर्षं रोज पहाटे पाणी गाळतेय, बाई." त्या वर्गात मला काही येत होतं असं वाटण्याचा तो पहिला दिवस. रात्री बादल्या उघड्या राहत, त्यात चिलटं पडत. मी घरून झाकणं नेली. आता सगळ्या झाकतात. झिलईचं पाणी मोरीत सोडायचं नसतं, बसू द्यायचं आणि वरचं पाणी परत वापरायचं, हाही तिथला नियम. आपल्याला तो वेगळा शिकावा लागत नाही.

आणि मग आला तो प्रश्न, ज्यासाठी हा लेख मुख्यतः लिहिते आहे.

मला पिशवीवरचं वाचल्याशिवाय काही घरात आणायची सवय नाही. बिस्किटाचा पुडा असो नाहीतर चीज. तशी मी झिलईच्या डब्यांवरची नावं वाचत होते. एका डब्यावर 'बोन अ‍ॅश' असं होतं. म्हणजे हाडांची राख. काही झिलयांत ती घालतात. ब्रश विचारला, तर शेळीच्या केसांचा. बूड पुसायचा स्पंज विचारला, तर समुद्रातला, म्हणजे तोही एका जीवाचाच सांगाडा. मी स्पष्ट सांगितलं, मला चालणार नाही. मुलगी समजूतदार. म्हणाली, या झिलईशिवाय इतर पाच आहेत, त्यात हाड नाही. हाडांच्या राखेच्या जागी कारखान्यात केलेलं कॅल्शियम फॉस्फेटही चालतं. ब्रश नायलॉनचा घ्या, स्पंज साधा फोमचा. झालं. विचारलं म्हणून मिळालं.

पण जाता जाता ती सहज म्हणाली, "काकू, बोन चायनामध्ये तर निम्मी हाडांची राख असते."

मी घरी येऊन शोकेससमोर बसले. मुलाच्या लग्नात, २०११ साली, आहेरात आलेला चोवीस नगांचा चहाचा सेट. बुडावर इंग्रजीत स्पष्ट छापलेलं, बोन चायना. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत बसली आणि जुन्या प्रमाणात खरोखरच जवळजवळ अर्धा भाग जनावरांच्या हाडांची राख असते. त्यानेच तो पातळपणा आणि दुधासारखा पांढरा रंग येतो. नाव समोर लिहिलेलं होतं. मी बी.कॉम. झालेली बाई, बिस्किटातलं जिलेटिन शोधणारी, आणि तेरा वर्षं ते दोन शब्द वाचून मला अर्थ लागला नाही. सुनेच्या अठाईच्या पारण्याला आलेल्या पाहुण्यांना मी त्याच कपांतून चहा दिला होता.

त्या सेटचं काय करायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही. फोडून टाकायचा तर तो निव्वळ नाश. कुणाला द्यायचा तर आपल्याला न चालणारं दुसऱ्याच्या गळ्यात बांधायचं. तूर्त तो खोक्यात घालून माळ्यावर ठेवला आहे. तुम्ही मात्र आज आपल्या कपांची बुडं उलटी करून बघा. साधी चिनी माती, स्टोनवेअर, पोर्सिलेन यांचं नाव वेगळं असतं. विकत घेताना दुकानदाराला तीन गोष्टी विचारा. यात हाड आहे का? झिलई अन्नासाठी चालते का? शिशाची तपासणी झालेली आहे का? पूर्वी झिलई लवकर वितळावी म्हणून शिसं घालत. लोणचं, चिंच, ताक अशा आंबट पदार्थांत ते उतरतं. घरच्या घरी रात्रभर लिंबाची फोड ठेवून पाहता येतं. झिलईचा रंग उतरला किंवा चमक गेली तर ते भांडं जेवणातून बाद. पण रंग उतरला नाही म्हणून शिसं नाही असं समजू नका, ते प्रयोगशाळेतच कळतं.

माझ्या पाच भांड्यांचं काय झालं तेही सांगते. झिलई कढीइतकी दाट हवी. चिमट्यात वाटी धरून बुडवायची, तीन आकडे मोजायचे, बाहेर काढायची. सुकी वाटी पाणी शोषते आणि पूड पृष्ठावर बसते. बुडाची झिलई पुसून काढायची, नाहीतर वितळून भट्टीच्या फळीला चिकटते. मी एका वाटीत सहा मोजले, जास्त चांगली होईल म्हणून. ती ओघळली, फळीला चिकटली, फुटली. लोभाचा हिशेब भट्टीत लगेच मिळतो.

भट्टी बंद झाल्यावर दीड दिवस उघडायची नाही. गार होताना एका वाटीतून बारीक टिंग टिंग आवाज येत होता, पैंजणासारखा. ती सगळ्यांत सुंदर निघाली. निळसर काच, आणि तिच्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या नाजूक रेषा. वर्ग गोळा झाला, फोटो काढले. मी शिकवणारीला विचारलं, "या रेषा कसल्या?" झिलई मातीपेक्षा जास्त आकसली की तडकते, त्या रेषा. बोट फिरवलं तर कळतही नाहीत. पण अन्न आणि पाणी त्यातून आत जातं. म्हणजे झिलई ज्यासाठी लावली तेच काम झालं नाही.

ती वाटी जेवणात वापरायची नाही असं मी ठरवलं. वाटलं वाईट, खोटं कशाला बोलू. पण तिला नुसती शोभेला ठेवली तर भाभींचाच शब्द खरा. आता ती देवघराच्या फळीवर आहे, सामायिकाची माळ आणि मुहपत्ती ठेवायला. रोज वापरात आहे. राहिल्या तपकिरी दोन वाट्या आणि सट. कुणी फोटो काढावा अशा नाहीत. पण गुळगुळीत आहेत.

माझी वही अशी. केली ११, बादलीत परत ६, भाजली ५. त्यांतली वाया १, जेवणाला बाद पण वापरात १, उपयोगी ३. नफा झाला असं कुणी म्हणणार नाही. पण विकत घेतलेल्या कुठल्या वस्तूची इतकी खरी वही आपण कधी लिहिली आहे?

आमच्या इथे साध्वीजी आल्या होत्या, त्यांना विचारलं. आरंभ-समारंभाच्या गोष्टीला त्या हो म्हणणार नाहीत हे माहीत होतं, तशा त्या म्हणाल्याही नाहीत. एवढंच म्हणाल्या की उपासकदशांगातला सद्दालपुत्र आठवा. मी घरी येऊन परत वाचलं. पोलासपूरचा कुंभार, गावाबाहेर त्याची पाचशे दुकानं. नियतीने सगळं आधीच ठरलेलं असतं, माणसाच्या प्रयत्नाने काही होत नाही, असं मानणारा. वाळत घातलेल्या भांड्यांपाशी भगवान महावीरांनी त्याला विचारलं, ही भांडी प्रयत्नाने झाली की प्रयत्नावाचून? आणि कुणी ती फोडली तर तू त्याला सोडशील का? तिथून त्याचं मत फिरलं. दहा प्रमुख श्रावकांत तो गणला जातो. मी यातून मातीकामाला परवानगी काढत नाही. मला त्यातला प्रश्न महत्त्वाचा वाटतो. जे होतं ते आपल्या हातून होतं, आणि म्हणून त्याचा जाब आपण द्यायचा.

तेव्हा माझं मत असं. दोष लागेल या भीतीने आपल्या बायका नवीन काही शिकतच नाहीत, आणि दुसरीकडे प्रत्येक सेलमध्ये क्रोकरी घेतात, हे मला पटत नाही. तसंच हौसेला मोल नाही म्हणून डोळे मिटून भट्टी भरणंही पटत नाही. गाळणं, झाकणं, पुसणं, विचारणं, मोजणं या आपल्या सवयी कलेच्या आड येतात असं आपल्याला वाटतं. मला त्या वर्गात उलटा अनुभव आला. त्या सवयी असलेली बाई अर्धी शिकलेलीच असते. शिका, पण कच्च्या भांड्यांच्या फळीपाशी थांबा. आणि जे भाजलं त्याची आलोचना प्रतिक्रमणात करा. मी करते. हिंसा शून्य झाली असं म्हणायची माझी तयारी नाही.

मी स्वतःला मर्यादा घालून घेतली आहे. वर्षाला सहा भांडी, त्यापुढे नाही. चातुर्मासात क्लास बंद. तसंही पावसाळ्यात माती धड वाळत नाही.

मागच्या महिन्यात भाभी परत आल्या. संध्याकाळी सूर्यास्ताआधी त्यांना तपकिरी वाटीत मुगाची आमटी वाढली. मी काही बोलले नाही. त्यांनी जेवून वाटीत पाणी घातलं, बोटाने फिरवलं, प्यायल्या. पदराने पुसली. मग उजेडाकडे धरून आतून पाहिली, उलटी करून बूड पाहिलं. "काही राहिलं नाही," म्हणाल्या. आणि लगेच, "पुढच्या वर्षी किती?"

म्हटलं, "सहा."

"चार कर," म्हणाल्या आणि वाटी माझ्या हातात दिली.

मी अजून हो म्हटलेलं नाही. विचार करते आहे.

जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिलं गेलं असेल तर मिच्छा मि दुक्कडम्.